आठवड्याला बांधलेली श्रद्धा

नाताळचा सण जवळ आला की चर्चवरील रोषणाई, घरोघरी टांगलेले कागदी तारे, मुलांनी हौसेने मांडलेले येशूजन्माचे गोठे आणि झाकलेल्या ताटांतून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाणारा फराळ यांची वर्णने वृत्तपत्रांतून वाचावयास मिळतात. ती वाचण्यात आनंद आहे आणि शेजारधर्माचे पालनही आहे. परंतु सण हा श्रद्धेचा कळस होय. कळसाकडे पाहून पाया किती खोल गेला आहे, हे उमगत नाही. ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचा पाया पाहावयाचा तर तो वर्षाच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत शोधला पाहिजे. सोमवारी सकाळी कामावर निघणारा, कर्जाचा हप्ता भरणारा, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारा, भावाशी अबोला धरून बसलेला असा जो साधा प्रापंचिक माणूस, त्याला त्याची श्रद्धा नित्याच्या जीवनात नेमके काय देते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न आजच उपस्थित करावा, असे एक कारणही घडले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने ३० जून २०२५ रोजी आपला अहवाल प्रसिद्ध केला. जगातील दर सहा माणसांमागे एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि या एकाकीपणाशी निगडित असलेल्या मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार इतकी आहे, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. एकाकीपणा ही कवींच्या आणि विरहिणींच्या वाट्याची गोष्ट असे आपण समजत होतो. आता तो रक्तदाब आणि मधुमेह यांच्या पंक्तीला येऊन बसला आहे. मुले परगावी वा परदेशी आणि दोन वृद्ध जीव सदनिकेच्या बंद दाराआड, हे चित्र आपल्या पुण्या-मुंबईच्या, एवढेच नव्हे तर तालुक्याच्या गावच्या वाचकासही अपरिचित नाही. अशा काळात ज्या समाजांनी माणसे एकत्र बांधून ठेवण्याची रीत शतकानुशतके जपली, त्यांच्याकडे जिज्ञासेने पाहणे अगत्याचे ठरते.

संशोधनाची साक्ष

श्रद्धेने मनाला शांती लाभते, असे श्रद्धाळू म्हणत आले आहेत आणि तो केवळ मनाचा खेळ आहे, असे संशयवादी म्हणत आले आहेत. या वादात अलीकडे आरोग्यशास्त्राने आपली साक्ष नोंदवली आहे. अमेरिकेत परिचारिकांच्या प्रकृतीचा दीर्घकालीन अभ्यास १९७६ पासून चालू आहे. त्यातील ७४ हजार ५३४ स्त्रियांची १९९२ ते २०१२ या काळातील माहिती हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेस जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण कधीच न जाणाऱ्या स्त्रियांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळले. त्याच वर्षी, परिचारिकांच्या याच अभ्यासातील ८९ हजार ७०८ स्त्रियांच्या १९९६ ते २०१० या काळातील माहितीवरून असेही दिसून आले की, आठवड्यातून एकदा तरी उपासनेस जाणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण न जाणाऱ्यांच्या सुमारे एक पंचमांश होते. या स्त्रिया बहुतांशी कॅथलिक वा प्रॉटेस्टंट पंथांच्या होत्या. तेव्हा ही साक्ष मुख्यतः ख्रिस्ती उपासनेविषयीची आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

ज्याची प्रकृती धड असते तोच उपासनेला जाऊ शकतो, मग प्रकृतीचे श्रेय उपासनेला कसे द्यावयाचे, अशी शंका सुज्ञ वाचक घेईल. शंका रास्त आहे. संशोधकांनी आधीची प्रकृती, आधीच्या सवयी आणि आर्थिक स्थिती हिशेबात धरूनच हे आकडे काढले आहेत. तरीही निरीक्षण म्हणजे सिद्धता नव्हे, ही मर्यादा राहतेच. परंतु या अभ्यासातील खरा बोधप्रद भाग निराळाच आहे. हा लाभ कोणत्या वाटेने पोहोचतो, याचा शोध घेतला असता माणसांचा आधार ही एक वाट निघाली; पण तिचा वाटा पाव हिश्श्याहूनही थोडा कमी भरला. धूम्रपानापासून दूर राहणे ही जवळजवळ तेवढीच मोठी दुसरी वाट. खिन्नता कमी असणे आणि उद्याविषयी आशा असणे, या आणखी दोन वाटा. म्हणजे संगत, संयम, प्रसन्नता आणि आशा असे अनेक धागे येथे एकत्र वळले गेले आहेत. यातील एखादा धागा सुटा काढून त्याची गोळी करता येत नाही, आणि ती औषधाच्या दुकानात मिळत नाही.

रविवारचा नेम

हे धागे वळले जातात ते रविवारी. ख्रिस्ती उपासनेचे वैशिष्ट्य हे की, ती आठवड्याला बांधलेली आहे. कॅथलिक पंथात रविवारच्या मिस्सेला उपस्थित राहणे हे कर्तव्य मानले जाते. मन झाले तर जावे, असा तो ऐच्छिक विषय नाही. आधुनिक माणसाला कर्तव्य हा शब्द जाचक वाटतो. परंतु ज्या दिवशी मन खचलेले असते, कोणाचे तोंड पाहू नये असे वाटते, त्याच दिवशी माणसाला माणसांत जाण्याची सर्वाधिक गरज असते. आणि नेमक्या त्या दिवशी इच्छा साथ देत नाही, नेम साथ देतो. आपल्याकडील एकादशीचे व्रत किंवा वारकऱ्याची वारी ज्याने पाळली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको.

आपल्या महाराष्ट्रातच याचे उदाहरण पाहावयाचे असेल तर ते वसईच्या पट्ट्यात मिळते. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, हा इतिहास प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असतो. पोर्तुगीज सत्ता गेली, परंतु तेथला मराठी बोलणारा, शेतीवाडी करणारा ख्रिस्ती समाज आपल्या उपासनेसह टिकून राहिला. राजसत्तेचा आधार गेल्यावरही जे टिकते, त्याच्या मुळाशी नित्याच्या जीवनातील काही उपयुक्तता असलीच पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी करून दिल्यानंतर लॅटिन मंत्रांच्या जागी तेथे मराठीतून मिस्सा होऊ लागली, आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांना समजणाऱ्या भाषेत प्रार्थना सुरू झाली.

एका चर्चच्या छायेतील वस्तीला तेथे धर्मग्राम म्हणतात. शब्द अर्थपूर्ण आहे. धर्मग्रामात दर रविवारी ठरावीक बाकावर बसणारी म्हातारी बाई दोन रविवार दिसली नाही, तर तिसऱ्या रविवारी कोणी ना कोणी तिच्या घरी चौकशीला जाते. माणूस अनुपस्थित आहे हे कोणाच्या तरी लक्षात येणे, हा एकाकीपणावरचा पहिला उतारा आहे. जो चर्चपर्यंत येऊ शकत नाही, त्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेण्याची प्रथा आहे. १९७३ पासून हे काम करण्याची परवानगी निवडक प्रापंचिक स्त्रीपुरुषांनाही देण्यात आली. परिणामी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दारावर नियमाने थाप पडते. प्रसाद आणणारा माणूस दोन घटका बसतो, औषध संपले का विचारतो, सुनेची विचारपूस करतो. ईश्वर त्या घरात कोणत्या रूपाने येतो, हा श्रद्धेचा विषय झाला. पण माणूस येतो, हे तर सर्वांना दिसते.

याच धर्तीवर १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या अवघ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावे एक संस्था सुरू केली. नियमित सभा भरवावी आणि गरिबांच्या घरी स्वतः जावे, एवढाच तिचा साधा नियम. देणगी पाठवून मोकळे होता येत नाही, पायरी चढावी लागते. भारतातील अनेक धर्मग्रामांत या संस्थेच्या शाखा आजही काम करतात. येथे लाभ कोणाला होतो, असे विचारले तर घेणाऱ्याइतकाच देणाऱ्यालाही, असे उत्तर द्यावे लागेल. कारण दुसऱ्याच्या दुःखाचा जिना चढून आलेला माणूस आपल्या दुःखाचे ओझे थोडे निराळ्या मापाने मोजू लागतो.

क्षमेचा सराव

ख्रिस्ती घरातील मूल बोलू लागले की त्याला येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना पाठ करून देतात. या छोट्या प्रार्थनेत दोन मागण्या संसाराच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. भाकरी मागितली आहे ती आजच्यापुरती. वर्षाच्या बेगमीची नव्हे. आणि क्षमा मागितली आहे ती एका अटीसह, की आमचा अपराध करणाऱ्यांना आम्हीही क्षमा करतो. पहिली मागणी चिंतेला आजच्या दिवसापुरते कुंपण घालते. दुसरी मागणी माणसाला दररोज अडचणीत टाकते. ज्या भावाशी बांधावरून तंटा आहे, त्याचे नाव मनात असताना ही ओळ उच्चारणे सोपे नाही. क्षमा हा भावनेचा उमाळा नसून सराव आहे आणि तो रोज करावा लागतो, हे येथे मूल नकळत शिकते.

या सरावाची कसोटी एखाद्याच्या आयुष्यात किती कठोर लागू शकते, हे भारताने १९९९ साली पाहिले. ओडिशातील बारीपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमथी ही दहा आणि सहा वर्षांची मुले मनोहरपूर येथे जानेवारीच्या एका रात्री वाहनात जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. त्याच वेळी शिक्षेचा प्रश्न त्यांनी कायद्यावर सोपवला. न्यायालयाने मुख्य आरोपीला शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जन्मठेप कायम केली. म्हणजे क्षमेने न्याय मोडीत निघाला नाही. निघून गेला तो द्वेष, जो त्या माउलीच्या आणि मागे राहिलेल्या तिच्या कन्येच्या उरलेल्या आयुष्याला पोखरून टाकू शकला असता. त्या पुढेही काही वर्षे बारीपदा येथे राहून पतीचे सेवाकार्य पाहत होत्या. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. त्या अमानुष कृत्याने कोणत्याही धर्मनिष्ठ हिंदूची मान खाली जावी आणि त्या क्षमेने ती आदराने लवावी, असाच हा प्रसंग आहे. रोजच्या प्रार्थनेतील एका ओळीचा उपयोग काय, याला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

याच्या जोडीला आत्मनिवेदनाचा संस्कार आहे. आपला दोष दुसऱ्या माणसासमोर शब्दांत सांगण्याची ही रीत मनावरचा भार हलका करते, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्राने मान्य केले आहे. अमेरिकेतील ॲक्रन येथे १९३५ साली दोन मद्यपींच्या भेटीतून उभी राहिलेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ एका ख्रिस्ती मंडळाच्या आत्मपरीक्षणाच्या आणि दोषकथनाच्या रीतीतूनच घडली. आज तिच्या सभा महाराष्ट्रात मराठीतून भरतात आणि त्यांत सर्व धर्मांची माणसे बसतात.

विश्वासातून पत

श्रद्धेचा लाभ व्यवहारात कसा उतरतो, याचे एक उदाहरण आपल्या सहकारी पतपेढ्यांच्या इतिहासात दडलेले आहे. जर्मनीतील फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हे एका खेड्याच्या कारभाराची धुरा वाहणारे धर्मनिष्ठ ख्रिस्ती गृहस्थ. १८४६-४७ च्या हिवाळ्यातील दुष्काळात त्यांनी गरिबांसाठी भाकरीची व्यवस्था करणारे मंडळ स्थापले आणि पुढे शेतकऱ्यांना सावकारापासून सोडवणाऱ्या पतसंस्था उभारल्या. संस्थेचे क्षेत्र लहान असावे, सभासद एकमेकांस ओळखणारे असावेत, आणि एकाच्या कर्जाची जबाबदारी सर्वांनी घ्यावी, हे त्यांचे सूत्र होते. ज्याच्याकडे तारण नाही त्याचे चारित्र्य हेच तारण, असा त्याचा अर्थ. भारतातील १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे हाच नमुना होता. वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने जी कॅथलिक पतसंस्था निघाली, तिचीच आज मोठी सहकारी बँक झाली आहे. दर रविवारी एकत्र येणारी माणसे एकमेकांना जोखून असतात. विश्वास आणि पत हे आपल्या भाषेतील शब्द किती जवळचे आहेत, याचा येथे प्रत्यय येतो.

श्रद्धेची अवघड बाजू

एवढे वाचून श्रद्धा म्हणजे निव्वळ फायद्याचा सौदा, असा ग्रह कोणी करून घेईल तर तो चुकीचा ठरेल. अमेरिकेतील रुग्णालयांत दाखल झालेल्या, वयाची पंचावन्न वर्षे ओलांडलेल्या ५९६ रुग्णांचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ईश्वराने आपल्याला टाकून दिले, हा आजार म्हणजे आपल्याला झालेली शिक्षा आहे, अशा विचारांत जे गुरफटले होते, त्यांच्यात पुढील दोन वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे श्रद्धेनेच आधार मिळतो आणि तीच भयाच्या वाटेने गेली तर माणसाला खचवतेही. जो उपदेशक रुग्णाला औषध टाकावयास सांगतो, बरा न झाल्यास तुझाच विश्वास उणा पडला असे म्हणतो, किंवा देणगीच्या बदल्यात संपत्तीचे आश्वासन देतो, तो आजाऱ्याच्या दुःखात अपराधाची भर घालतो. असे उपदेशक कोणत्याही एका धर्माची मिरास नाहीत.

शिवाय श्रद्धा कित्येकदा लाभाऐवजी हानीच पदरात घालते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना जे मिळाले त्याआधी त्यांनी गमावले ते फार मोठे होते. आप्तेष्ट दुरावले, पत्नीची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी त्या काळात काय सोसले, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या मराठी घरांना सांगावयास नको. पुढे १९०० साली त्यांनीही तो मार्ग पत्करला, पण स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळी. या दांपत्याने फायद्याचा हिशेब मांडला असता तर तो कधीच जुळला नसता. मात्र आपल्या शब्दांशी प्रामाणिक राहिल्याचे समाधान, आणि अभंग व कीर्तन यांच्या वाटेने ख्रिस्तभक्ती मराठी मातीत रुजवण्याचे कार्य, ही त्या हिशेबात न मावणारी जमा होती. टिळकांची पदे आजही मराठी चर्चमधून गायिली जातात.

यातूनच या विषयातील मर्म हाती येते. हार्वर्डचे आकडे वाचून कोणी आयुष्य वाढावे म्हणून रविवारी चर्चमध्ये जाऊ लागला, तर त्याला तो लाभ कितपत होईल, याची शंका आहे. तेथे बसलेली माणसे आयुष्य वाढवावयास आलेली नसतात. ती स्तुती करावयास, क्षमा मागावयास आणि शेजाऱ्याला भेटावयास आलेली असतात. लाभ त्यांच्या मागून चालत येतो. गीतेच्या निष्काम कर्मयोगावर वाढलेल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

आपल्या घरासाठी

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे देवळे, मशिदी, चर्च सर्वच बंद झाले. मिस्सा दूरदर्शन संचावर आणि भ्रमणध्वनीवर दिसू लागली, तशाच आरत्या आणि कीर्तनेही. ती सोय संकटकाळी मोलाची ठरली आणि आजाऱ्यांना आजही उपयोगी आहे. परंतु पडद्यावरील उपासनेत आपण गैरहजर असल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि वर म्हटल्याप्रमाणे, लक्षात येणे हीच तर औषधाची पहिली मात्रा.

म्हणून नाताळच्या या पर्वावर धर्मनिष्ठ हिंदू कुटुंबाने शेजारच्या ख्रिस्ती घराकडे पाहून स्वतःला एक प्रश्न विचारावा. आमचा देव्हारा आहे, पूजा आहे, जप आहे. पण हे सारे दार लावून घेतलेले तर नाही ना? हरिपाठाला चार घरची माणसे बसत, सप्ताहाला गाव जमे, काकड्याला कोण आले नाही ते बुवांना कळे. ती सामुदायिक उपासना आजही जेथे जिवंत आहे, तेथे ती एकट्या पडलेल्या माणसाला हाक मारीत असणार. जेथे ती मंदावली असेल, तेथे ती पुन्हा जागवण्यासाठी धर्म बदलावा लागत नाही. दार उघडावे लागते.

नाताळच्या दिवशी शेजारून ताट येईल. ते रिकामे परत करू नये, हा आपला जुना रिवाज. यंदा ते परत करताना आपल्या घरचा फराळ तर त्यात घालावाच. पण शक्य तर ताट घेऊन स्वतः जावे, बसावे आणि त्या घरातील म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करावी. गोठ्यात जन्मलेल्या त्या बालकाच्या जन्माची वार्ता प्रथम रात्री राखण करीत जागणाऱ्या साध्या मेंढपाळांना कळली, अशी ख्रिस्ती कथा आहे. आपल्या आसपास रात्री जागणारी माणसे थोडी नाहीत. सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!